अक्का, तुमचं झाकलेलं दुखणं

तुम्हांला अक्षर वाचता येत नव्हतं, अक्का. तुमच्या लेकीचं, गिरिजाचं, दुधनीहून कार्ड आलं की तुम्ही ते माझ्यापुढे धरायचात आणि मी वाचेपर्यंत माझ्या तोंडाकडे टक लावून बसायचात. आज मी तुम्हांलाच लिहायला बसले आहे. हे तुम्हांला कोण वाचून दाखवणार, ते मला माहीत नाही. पण जे बोलायचं आहे ते दुसऱ्या कुणापुढे बोलण्यासारखं नाही, आणि मनात ठेवलं तर मला अन्न जाणार नाही.

तुमचं तेरावं होऊन नऊ दिवस झाले. गल्लीतल्या बायका अजून येऊन बसतात. "सुजेनं गेल्या बिचाऱ्या," म्हणतात. "कुणाकडून करून घेतलं नाही. पुण्यवान बाई." मी मान हलवते. तुम्ही सुजेनं गेला नाहीत. कशानं गेलात ते परवापर्यंत मला ठाऊक होतं, दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना ठाऊक होतं, आणि तिसरं एक माणूस होतं ज्याला ते ठाऊक असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्याबद्दल मी तुमच्यावर रागावले आहे. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. पण आधी सगळं नीट सांगते, मग तुम्हीच ठरवा.

तुम्ही आमच्याकडे राहायला आलात तेव्हा माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. तुमचे मालक गेले होते, तुमच्या पाच बाळंतपणांतून जगलेली एकटी गिरिजा सासरी दुधनीला होती, आणि मंगळवेढ्याच्या त्या घरात तुम्ही एकट्याच ज्वारीच्या कणग्यांकडे बघत बसला होतात. यांनी तुम्हांला सोलापूरला आणलं. हे तुमचे धाकटे दीर, गिरणीच्या हपिसातले कारकून. घरी आले की आवाज न करता जेवणारे. मला वाटलं होतं, थोरली जाऊ येणार म्हणजे सासू येणार. तुम्ही टांग्यातून उतरलात, बोचकं ओट्यावर ठेवलंत आणि पहिलं वाक्य बोललात, "सुंद्रे, चुलीपाशी कोन हाय? दूध उतू जातंय की."

त्या दिवसापासून चूल आपल्या दोघींची झाली.

माझं दुखणं चौथ्या बाळंतपणानंतर सुरू झालं. बाळ दीड महिन्याचं असेल. आडावर पाणी शेंदताना घागर काठाशी आली, मी वाकून तिला हात घातला, आणि ओटीपोटात काहीतरी सुटल्यासारखं झालं. मांड्यांच्या मधे काहीतरी उतरलं. ऊनऊन, सोललेल्या अंड्याएवढं. मी घागर तशीच सोडली. ती दोरासकट आत गेली. तुमच्यापर्यंत कशी आले ते आठवत नाही. "अक्का, मी मरते आता," एवढंच म्हणाले.

तुम्ही माझ्याकडे एकदा बघितलंत आणि दार लावून घेतलंत. "मरत न्हाईस. आंग भाईर आलंय, पिशवी उतरलीय. आडवी हो."

कमरेखाली उशी दिलीत, गरम पाण्यात हात धुतलात, गोडेतेल लावलंत आणि अगदी हळू, जराही न अडखळता, ते आत सारलंत. "आता पाय जवळ घे. खोकू नगंस." मग तुरटीच्या पाण्यात भिजवलेली मऊ धोतराच्या फडक्याची पोटली करून ती कशी बसवायची ते दाखवलंत. बांधायचं कसं, दिवसातून किती वेळा बदलायचं, घाण वास यायला लागला तर काय करायचं, सगळं. मला वाटलं, जाणत्या बाईला येतंच सगळं. हा हात हे कुणाच्या अंगावर शिकला असेल, हे तेव्हा माझ्या मनात आलं नाही. यायला हवं होतं.

दोन वर्षं मी त्या पोटलीवर काढली. डाळिंबाच्या सालीचा काढा प्यायले. उभी राहिले की सगळं खाली ओढल्यासारखं व्हायचं, संध्याकाळी कंबर मोडून यायची. हसताना भीती, शिंकताना भीती. यांना मी काही सांगितलं नाही. हे जवळ आले की मी पाठ दुखते म्हणायची. मग एकदा श्रावणात दीड दिवस लघवीच झाली नाही. पोट नगाऱ्यासारखं ताठलं. मी भिंतीला डोकं आपटत होते. तेव्हा तुम्ही पदर डोक्यावरून पुढे ओढून दाराआड उभ्या राहिलात आणि जन्मात कधी दिराशी मोठ्यानं न बोललेल्या तुम्ही बोललात.

"भावजी, टांगा आणा. सुंद्रीला बायकांच्या दवाखान्यात न्यायची."

"सुईणीला बोलवू का?" हे म्हणाले.

"सुईणीचं काम न्हाय हे. तुमी टांगा आणा, न्हाय तर मी तिला पाठंगुळीला घेऊन जाते."

टांगा आला.

डॉक्टरीणबाईंनी नळी घालून माझी सुटका केली. आधी त्यांनी रबराची कडी बसवून बघितली. ती महिनाभर राहिली आणि एके दिवशी आडावरच निसटली. मग त्या म्हणाल्या, "शस्त्रक्रिया करावी लागेल. पोट फाडायचं नाही, खालूनच शिवून घ्यायचं. बऱ्या व्हाल." हे ऐकून यांचा चेहरा पांढरा पडला. घरी येऊन आठ दिवस यांनी होकार कळवला नाही. नवव्या दिवशी तुम्ही यांच्या ताटात भाकरी वाढताना म्हणालात, "चार लेकरांची आई हाय. अशी अर्धी जगवून काय करायचंय?" यांनी घास खाली ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन होकार कळवून आले.

एक गोष्ट आहे, ती मी तुमच्याशी कधी बोलले नाही. पहिल्या दिवशी डॉक्टरीणबाई मला तपासत होत्या, मी टेबलावर आडवी होते आणि तुम्ही माझ्या डोक्याशी उभ्या होतात. त्यांनी हात धुताधुता तुमच्याकडे बघितलं. "आणि तुम्ही बाई? तुम्ही अशा एका पायावर भार देऊन का उभ्या आहात? तुम्हांला काही त्रास?"

"मला?" तुम्ही म्हणालात. "मला न्हाय की काय."

मी खालून तुमचं तोंड उलटं बघत होते. त्या तोंडावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. चोरी पकडली गेली की माणसाचं होतं तसं. मग माझ्या पोटात कळ आली आणि मी ते विसरले. विसरले असं म्हणते. खरं म्हणजे बाजूला ठेवलं.

कार्तिकात मला दवाखान्यात ठेवलं. शेजारच्या खाटेवर नरसव्वा म्हणून एक तेलगू विणकराची बायको होती. मागावर बसणाऱ्या नवऱ्याला दिवसभर कांड्या भरून देऊन, सात बाळंतपणं काढून तिची माझ्यासारखीच गत झाली होती. तिची शस्त्रक्रिया माझ्या आदल्या दिवशी झाली. मोडक्या मराठीत ती तुमच्याशी बोलायची आणि तुम्ही तिच्या केसांना तेल लावायचात. मला आत नेताना ती म्हणाली, "भिऊ नको. झोप येते, बास." तोंडावर फडकं धरलं, गोड, मळमळणारा वास आला. मोजा म्हणाले. मी अकरापर्यंत मोजलं असेल.

शुद्धीवर आले ती तहान घेऊनच. गुडघे एकमेकांना पट्टीनं बांधलेले. खाली नळी, आत कापसाचा बोळा, आणि कमरेपासून खाली जणू तापलेला तवा. पाणी द्यायचं नाही, फक्त ओला कापूस ओठांवर. तुम्ही खाली फरशीवर बसून तो कापूस पिळत होतात. "सुंद्रे, झालं. तू बरी हाईस. आता कण्हायचं ते कण्ह, हितं कुणी ऐकत न्हाय." तिसऱ्या दिवशी बोळा काढला तेव्हा मी तुमच्या मनगटाला चावले. दाताचे व्रण मार्गशीर्षापर्यंत होते. तुम्ही मुलांना सांगितलंत, मांजर चावलं.

चौथ्या दिवशी नरसव्वाला ताप भरला. आधी थंडी वाजली, मग ती बडबडायला लागली. डॉक्टरीणबाई दर तासाला येत होत्या. येताना चालत यायच्या, जाताना जवळजवळ पळत. तिच्या खाटेभोवती पडदा लावला. पडद्याआडून तिचा आवाज यायचा, "अम्मा, नीळ्ळु, नीळ्ळु." पाणी मागत होती. मग आवाज बारीक होत गेला. नवव्या दिवशी सकाळी मी जागी झाले तर पडदा नव्हता आणि खाटेवरची गादी उन्हात टाकायला नेली होती. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही म्हणालात, "घरी गेली." तुमचे डोळे लाल होते. तिला उचलताना तुम्ही पाहिलं होतं. ते पाहणं तुमच्या आत कुठे जाऊन बसलं, हे मला फार उशिरा कळलं.

मला ताप आला नाही. तेविसाव्या दिवशी मला घरी सोडलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं: तीन महिने घागर उचलायची नाही, दळायचं नाही, मूल कडेवर घ्यायचं नाही, उकिडवं बसायचं नाही, आणि नवऱ्याला निराळं झोपायला सांगायचं. शेवटचं तुम्ही यांना सांगितलंत, तेही दाराआडून. हे तोंड फिरवून म्हणाले, "बरं." आपण दोघी नंतर किती हसलो होतो. टाके ओढायचे म्हणून मी पोट धरून हसत होते.

घरी आल्यावर तुम्ही मला खाटेवर घातलंत आणि सगळं घर अंगावर घेतलंत. आडावरचं पाणी, सात माणसांचं दळण, भाकरी, धुणी, चार लेकरं, आणि माझी आंघोळ, माझे कपडे, माझ्या पायांना तेल. पेठेत पिठाची गिरणी आली होती. मी म्हणाले, "अक्का, तीन महिने तरी पीठ गिरणीतून आणू या." तुम्ही ऐकलं नाहीत. "गिरणीचं पीठ करपट लागतंय. भावजी खायाचे न्हाईत." यांनी खाल्लं असतं हो. हे काहीही खातात. आपण यांना विचारलंसुद्धा नाही.

मी बरी होत गेले. पहिल्यांदा दारापर्यंत चालले, मग ओट्यापर्यंत. एके दिवशी धाकटा बाळ तुमच्या पदराची शेपूट करून माकडासारखा नाचला आणि मी खळखळून हसले. हसून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की काहीच खाली उतरलं नाही. दोन वर्षांनी मी न भिता हसले होते. मला रडू आलं. तुम्ही जातं थांबवलंत, माझ्याजवळ आलात, डोक्यावरून हात फिरवलात. "आता तू पयल्यासारखी झालीस बग." जायला वळलात तेव्हा तुम्ही खाटेची कड धरलीत. दळून कंबर धरलीय असं मी मनाला सांगितलं.

अक्का, आता जे लिहिते आहे ते लिहायला मला तीन दिवस धीर झाला नाही.

सहाव्या आठवड्यात मला कळलं होतं. खाटेवर पडलेल्या माणसाला दुसरं काम नसतं, ते बघत राहतं. दोन घागरी झाल्या की तुम्ही दाराची चौकट धरून उभ्या राहायचात, मांडीवर मांडी दाबून, डोळे मिटून. भाकरी थापताना पाटावर न बसता एका मांडीवर कलायचात. सारख्या मागच्या अंगणात जायचात आणि बराच वेळ यायच्या नाहीत. काही फडकी तुम्ही निराळी धुवायचात आणि दोरीवर न घालता लाकडांच्या मागे वाळवायचात. कधी जवळून गेलात की तो वास यायचा. तो वास मी ओळखत होते. दोन वर्षं तो माझ्याच अंगाला होता.

मला कळलं आणि मी विचारलं नाही. कारण विचारलं असतं तर तुम्हांला खाटेवर घालावं लागलं असतं आणि मला उठावं लागलं असतं. माझे टाके नवे होते. मला नरसव्वाची गादी दिसत होती. मी भिंतीकडे तोंड केलं आणि स्वतःला म्हणाले, तीन महिने होऊ देत. मग विचारू.

तीन महिने झाले. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि खूश झाल्या. "घरचं काम कोण करत होतं?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, जाऊबाई. "त्या आल्यात? त्यांना आत बोलवा जरा." मी बाहेर आले तर तुम्ही पायरीवर नव्हतात. फाटकाबाहेर, टांग्यात जाऊन बसला होतात. "ऊन लागलं," म्हणालात. माघाचं ऊन ते. आणि मी आत जाऊन डॉक्टरीणबाईंना सांगितलं, त्या घरी गेल्या. मी तुमच्यासाठी खोटं बोलले. का बोलले, आजही कळत नाही.

चैत्रात मी शेवटी विचारलं. लाकडांच्या मागून फडकं काढून तुमच्यापुढे धरलं. त्याच्यावर रक्ताचे डाग होते, पिवळं काही वाळलेलं होतं. "अक्का, हे काय?"

तुम्ही ते माझ्या हातातून हिसकावून घेतलंत. "कुणी सांगितलं तुला तितं हात घालायला?"

"कधीपासून?"

"हाय ते हाय. बाईचं आंग हाय, त्यात नवं काय?"

"रक्त येतंय. आजच्या आज दवाखान्यात जायचं."

मग तुम्ही बसलात. पहिल्यांदा माझ्यापुढे सरळ बसलात, त्रास लपवायचा नाही अशा, आणि मी पाहिलं की तुम्हांला नीट बसताच येत नव्हतं. "सुंद्रे, तुला नवरा हाय, लेकरं हायती. तुझं शिवलं ते बरं झालं. माझं शिवून कुणासाठी? रांड-मुंड बाईनं टेबलावर पाय वर करून पडायचं? गावात काय म्हणतील? हिला आता कशाला पायजे?"

"कोण म्हणेल? कुणाला कळणार आहे?"

"ती नरसव्वा कशी गेली ते तू पडद्याआडून ऐकलंस. मी बघितलंय."

मी म्हणाले, मी यांना सांगते. तेव्हा तुम्ही माझा हात उचलून स्वतःच्या गळ्यावर ठेवलात. "माझ्या गळ्याची आण हाय तुला. भावजींना बोललीस, कुणालाबी बोललीस, तर मंगळवेढ्याला जाईन आणि परत तोंड दाखवणार न्हाय."

 दुसऱ्या दिवशी मी घागर उचलली. तुम्ही ती काढून घेतलीत. मी पुन्हा उचलली. त्या उन्हाळ्यात आड आटला, आणि आपण दोघी नळावरून पाणी आणायचो, एक घागर तुमची, एक माझी, न बोलता. भांडण तसंच राहिलं. आण मी पाळली. लोक म्हणतील, थोरल्या जावेचा शब्द. अक्का, तुम्ही मंगळवेढ्याला निघून जाल याची मला भीती होती हे खरं. पण तुम्ही गेलात तर माझं कसं होईल, ही भीती त्याहून मोठी होती.

पावसाळ्यानंतर तुमचं जेवण कमी झालं. अर्धी भाकरी, मग चतकोर. सकाळी डोळ्यांखाली सूज असायची. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेला मुलांना घेऊन गेलात आणि अर्ध्या वाटेतून परत आलात. पायांत जोडवी रुतावीत तशी बोटं सुजली होती. मग उचकी लागली. दोन दिवस थांबेना. साखर दिली, थंड पाणी दिलं. तुमच्या श्वासाला विचित्र वास यायला लागला, आणि बोलता बोलता तुम्ही झोपेत जायला लागलात. मी टांगा पाठवून डॉक्टरीणबाईंना घरी आणलं. तुमच्यात नाही म्हणण्याचं बळ उरलं नव्हतं.

त्यांनी पांघरूण उचललं आणि दिवा जवळ धरायला सांगितला. मग विचारलं, "कधीपासून हे असं?" मला वाटलं तुम्ही झोपेत आहात. पण तुम्हीच उत्तर दिलंत. "गिरीच्या पाठीवरच्या पोरापासून. तिसऱ्या दिवशी खुरपायला गेल्ते."

गिरिजाच्या पाठचं पोर. म्हणजे तेवीस वर्षं, अक्का. तुम्ही आमच्या दारात टांग्यातून उतरलात तेव्हा ते तुमच्या अंगात होतंच. माझी पोटली बांधलीत तेव्हा होतं. मला आत सारून बसवलंत तेव्हा तुमचं स्वतःचं बाहेर होतं.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, हात धुतले, पुन्हा धुतले. "सगळं इतकं खाली ओढलं गेलंय की लघवीच्या वाटा आतून पिळवटल्यात. विष रक्तात चढलंय. आता मला काही करता येणार नाही." मी विचारलं, "वर्षापूर्वी आणलं असतं तर?" त्या फार भल्या बाई आहेत. त्यांनी तिसऱ्यांदा हात धुवायला घेतले.

पुढचे चार दिवस मी तुमच्या उशाशी होते. मला वाटत होतं, शेवटी तुम्ही माझ्याशी काहीतरी बोलाल. रागवाल, आण सोडवाल, निदान नाव घ्याल. तुम्ही तुमच्या मालकांशी बोलत होतात, पेरणीबद्दल. "वापसा आलाय, उशीर नगं," म्हणत होतात. पाचव्या दिवशी दुपारी गेलात. माझं नाव घेतलं नाहीत.

तुम्हांला आंघोळ घालायला शेजारच्या बायका आल्या. मी त्यांना बाहेर थांबवलं. घरचं माणूस घालतं आमच्यात, म्हणाले. आमच्यात असं काही नाही, तुम्हांला माहीत आहे. मी दार लावलं, पाणी ओतलं, आणि जे होतं ते पाहिलं. मग हात धुऊन, गोडेतेल लावून, मी ते आत सारलं. तुम्ही शिकवलं होतं तसंच. मेलेल्या अंगात ते राहीना. मी तुमच्याच मऊ लुगड्याच्या फडक्यानं बांधलं आणि वरून नवं नेसवलं. कुणाला काही दिसलं नाही.

आता रागाचं.

गिरिजा दुसऱ्या दिवशी आली, कडेवर पाच महिन्यांचं पोर. तेराव्यापर्यंत राहिली. दहाव्याला घरी पाहुण्यांची गर्दी, तिनं पाण्यानं भरलेलं घंगाळ उचललं आणि अर्ध्यात खाली ठेवलं. ओठ पांढरे झाले होते. मी तिला माजघरात घेतलं, दार लावलं. या खेपेला मी तीन महिने थांबले नाही. सरळ विचारलं, "गिरे, अंग बाहेर येतंय?"

घाबरली की ती सासरच्या कानडीत बोलते. "इल्ल काकी, इल्ल इल्ल." नाही नाही म्हणतच खाली बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली. कमरेला तुरटीची पोटली होती. मी विचारलं, कुणी शिकवलं? ती म्हणाली, "आईनं. मागल्या दिवाळीला. आई म्हणाली, मलाबी हेच हाय, कुणाला बोलू नगं, काकीलाबी न्हाय. बायकांचं असंच असतंय."

अक्का! त्याच दिवाळीत मी तुमच्या डोळ्यांपुढे हसत होते, घागर उचलत होते. तुम्ही मला टांग्यात घालून नेलंत, यांच्याशी भांडलात, तीन महिने माझ्यासाठी स्वतःला जात्यात घातलंत. आणि पोटच्या पोरीला पोटली दिलीत? ती सव्वीस वर्षांची आहे. मी रात्रंदिवस याचं उत्तर शोधते. नरसव्वाला पाहून तुम्ही भ्यालात, हे समजतं. टेबलाची भीती तुम्हांला माझ्या वेळीही असणारच, तरी मला आत जाऊ दिलंत आणि तिला का नाही, ते समजत नाही. कदाचित परकी मेली तर सोसता येतं. असं लिहिलं आणि लाज वाटली. तुम्ही मला परकं कधीच मानलं नाहीत.

जावई तेराव्या दिवशीच तिला घेऊन गेले. ज्वारीची काढणी तोंडावर, घरात दुसरी राबणारी बाई नाही. मी दारात उभी राहून काहीतरी बोलत राहिले, चार दिवस राहू द्या, पोराला बरं नाही, गुण येऊ द्या. खरं कारण माझ्या जिभेवर होतं आणि तुमची आण घशात.

परवा मी ती मोडली. हे जेवत होते. मी समोर बसले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. तुमचं, माझं, फडक्याचं, गिरिजाचं. हे ऐकत राहिले. भाकरीचा तुकडा हातातच वाळला. मग म्हणाले, "वहिनी या घरात रोज माझ्यासाठी दळत होती." एवढंच. उठून मागच्या अंगणात गेले आणि फार वेळ आले नाहीत.

त्याच दिवशी यांनी दुधनीला पत्र टाकलं. आज उत्तर आलं. जावयाचं अक्षर आहे. "काढणी झाल्यावर पाठवू. सध्या तिच्या अंगात कणकण असते, थंडी वाजून ताप येतो, पण काम चालू आहे. काळजी नसावी."

थंडी वाजून ताप.  नरसव्वाचंही पडद्याआड असंच सुरू झालं होतं.

मी डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. त्यांनी खाट रिकामी ठेवते म्हणून सांगितलं. शिवण्याचं नंतर बघू, आधी ताप उतरवू, म्हणाल्या. पण पीक निघेपर्यंत थांबू नका. यांनी हपिसातून दोन दिवसांची रजा काढली आहे. मुलांना शेजारी ठेवते आहे. सकाळच्या गाडीनं आम्ही दोघं दुधनीला निघतो.

जावई भांडतील. तिची सासू दारात आडवी येईल. गिरिजा स्वतःच नको म्हणेल. तुमच्यावर गेली आहे. म्हणू दे. मी तिला उचलून आणीन. माझ्या अंगात आता तेवढी ताकद आहे, आणि ती कुणी दिली ते मला पक्कं माहीत आहे.